दोनवर ठेवलेला आवाज

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा माझ्या दातांत एक वायर होती आणि दोन्ही हात अडकलेले होते. त्यामुळे मी त्याच्याशी बोललेला पहिला शब्द ‘हं’ हा आहे.

“काँग, गिटारची पहिली तार मिळेल? एकच.”

“हं.”

“हं म्हणजे आहे, की हं म्हणजे नाही?”

मी वायर काढली. “सहा तारांचा संच मिळतो.”

“बाकीच्या पाच सुखाने नांदतायत. त्यांना कशाला घराबाहेर काढू?”

बाहेर भुरभुर चालू होती. त्याने गिटार जाकिटाच्या आत घेतली होती आणि स्वतः मात्र भिजला होता. केसांतून पाणी गळत होतं, ते मामाच्या काचेच्या काउंटरवर पडू नये म्हणून तो एक पाऊल मागे उभा होता. हे मला आवडलं. माणसाबद्दल पहिलं निरीक्षण नोंदवावं, निष्कर्ष नंतर काढावा, असं आम्हाला प्रयोगशाळेत शिकवत.

“आणि मला काँग म्हणू नकोस,” मी म्हणाले. “मी काही तुझी ताई नाही, तुझ्याहून लहान असेन.”

“दुकानदाराला मान दिला की भाव उतरतो, असं आई म्हणते.”

“दुकान मामाचं आहे. मान मला देऊन काय उपयोग?”

तो हसला. मग त्याची नजर माझ्यासमोरच्या काळ्या डब्याकडे गेली. डब्याला चार पायदाब्या, एक छोटा पडदा आणि माझ्या तीन वायरी लावलेल्या होत्या.

“याला काय झालंय?”

“काही नाही. परीक्षा चालू आहे.”

“अभ्यास केलाय का त्याने?”

डबा म्हणजे एक स्वस्त मल्टी-इफेक्ट्स पेडल. गिटारची वायर एका बाजूने आत जाते. आतून करकरीत, घुमणारा, दरीत हाक मारल्यासारखा, हवा तसा आवाज बाहेर येतो. शिलाँगमधल्या चर्चच्या आणि गल्लीतल्या बँडवाल्या पोरांना परवडेल असं काहीतरी मामाला दुकानात ठेवायचं होतं. पण भाचीने फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं असताना तो नुसत्या खोक्यावरच्या मजकुरावर थोडाच विश्वास ठेवणार! मी सगळं मोजत होते. खरखर किती, उशीर किती, एका आवाजातून दुसऱ्यात जाताना मधे किती खंड पडतो. पण माझ्या यंत्रातून निघणारा सूर सपाट असतो. त्याला बोटं नसतात.

“जरा वाजवशील?” मी विचारलं. “आधी हळू. मग जोरात.”

“आणि माझी तार?”

“ती फुकट.”

त्याने वाजवलं. आधी हळू, मग जोरात, मग मी न सांगता आणखी काहीतरी. पडद्यावरची रेघ लाटेसारखी उठली आणि मी आकडा लिहायला विसरले.

तार फुकट होती, तरी मी पावती केली. नाव हवं होतं ना. आमच्या खासी लोकांत एका कुळातल्या मुलामुलींनी एकमेकांकडे बघायचंही नसतं, म्हणून शहाण्या मुली मन गुंतण्याआधी आडनाव विचारून घेतात. शानबोर. मावलाईचा. कूळ वेगळं. मी पावती फाडून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, “उद्या येशील? अजून आठ चाचण्या आहेत.”

चाचण्या तीन होत्या.

तो तीन आठवडे येत राहिला.

आमच्या भिंतीपलीकडे काँग मेरिस यांचा दाताचा दवाखाना. गिटार जरा मोठी वाजली की खुर्चीवरचा पेशंट दचकून तोंड मिटतो, अशी त्यांची तक्रार. म्हणून ॲम्पचं आवाजाचं बटण दोनच्या पुढे न्यायचं नाही, असा करार होता. आम्हाला तो सोयीचाच होता… दोनवर असलं की वाजवता वाजवता बोलता येतं. तो स्टुलावर, मी जमिनीवर, मधे लाल चहाचे दोन कप. एखादा आवाज ऐकून मी म्हणायची, “थोडा कोंडलाय,” आणि तीव्र सूर वाढवायची. तो म्हणायचा, “खाली पोट रिकामं वाटतंय,” आणि मी खर्ज वाढवायची. मग दोघंही ऐकायचो. मग तो म्हणायचा, “आता मस्त,” आणि मी आकडे कागदावर उतरवायची.

“एका आवाजातून दुसऱ्यात जाताना साठ मिलिसेकंद शांतता पडते,” मी एकदा सांगितलं. “हा याचा दोष.”

“साठ म्हणजे किती?”

“पापणी मिटून उघडायला याच्या दुप्पट तरी लागतात.”

“म्हणजे मी पापणी मिटली तर तुला कळेल?”

“तुझी कळते.” बोलून गेले, आणि मग उगीचच वायरी तपासत बसले. कान तापले होते. तो मात्र वाजवताना त्या ठिकाणी हात अलगद उचलायला लागला, जणू ती शांतता त्यानेच ठेवलीय. तिथे दोष ऐकूच येईना.

मामाला सगळं दिसत होतं. एके दिवशी क्वायची, म्हणजे पान-सुपारीची, घडी तोंडात टाकत तो म्हणाला, “पोरगा बरा आहे. पण रिदाहुन, तू घरातली धाकटी.”

“माहीत आहे, मामा.”

“घर धाकटीचं आणि धाकटी घराची. तुझा नवरा आपल्याकडे राहायला येणार. येऊ दे, मला आनंद आहे. पण आलेला माणूस भर दुपारी ओसरीवर बसलेला दिसला तर लोक काय म्हणतील? त्याला काम आहे का?”

काम मिळणार होतं… कदाचित. बा डोनबोक, म्हणजे डोनबोकदादा, यांच्या बँडमध्ये गिटारवादकाची जागा रिकामी झाली होती. हॉटेलांत आणि उत्सवांत वर्षभर वाजवणारा, महिन्याला पगार देणारा आमच्या गावातला तो एकच बँड. चेरी फुलण्याच्या उत्सवासाठी मैदानावर मोठा मंच उभारला होता, तिथेच दुपारी निवड होती. जागा मिळाली नाही तर शानबोरला महिनाअखेर बंगळुरूला भावाकडे जायचं होतं. भाऊ एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता, त्याने शब्द टाकून ठेवला होता. आईच्या दुखऱ्या गुडघ्यांना सोडून, घर सोडून मी बंगळुरूला जाऊ शकत नव्हते. हे आम्ही कधी बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती.

“चुलतभावाचं पेडलबोर्ड घेतलंय मागून,” तो म्हणाला. “पाच पेडल, जुनी पण भक्कम. की याच्यावरच वाजवू? खरं सांग. तू परीक्षक.”

मी कागद पुढे ओढला. पायदाब्या प्लॅस्टिकच्या, पण टिकतील. सोबतच्या अडॅप्टरने गुणगुण येते, दुसरा वापरावा. खंड आहे, पण वाजवणाऱ्याला झाकता येतो. किमतीच्या मानाने आवाज उत्तम. शेवटच्या ओळीत मी लिहिलं, ‘मंचासाठी योग्य’, आणि खाली सही केली.

“सहीसुद्धा?”

“निकाल आहे तो.”

“मग मी नापास झालो तर तुझी सही जप्त.” त्याने कागद घडी करून खिशात ठेवला, आणि घडी करताना त्याची बोटं माझ्या बोटांवर थोडी जास्त वेळ राहिली. किती वेळ, ते मी मोजलं नाही. संध्याकाळी तो ते पेडलबोर्ड चुलतभावाला परत करून आला.

निवडीच्या दिवशी ऊन पडलं होतं. झाडं गुलाबी झाली होती आणि मैदानावर माणसांपेक्षा पाकळ्या जास्त होत्या. मी तिसऱ्या रांगेत बसले. मंचाच्या दोन्ही बाजूंना माझ्या दुप्पट उंचीचे स्पीकर होते.

त्याने पहिला कॉर्ड वाजवला आणि मला कळलं.

पत्र्यावर खिळा ओढावा तसा वरचा सूर कानात घुसला. खालून खर्ज पिंपासारखा घुमत होता. मधली गिटार, त्याची गिटार, कुठेच नव्हती. माझ्या पुढच्या बाईने कानावर हात ठेवला.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी यावर आकृतीसह उत्तर लिहिलं होतं. आवाज लहान असतो तेव्हा माणसाच्या कानाला खर्ज आणि तीव्र सूर कमी ऐकू येतात. मग आपण ते वाढवतो, आणि गोड वाटतं. तोच आवाज दसपट मोठा केला की कान सगळंच ऐकू लागतो, आणि वाढवलेलं सगळं अंगावर येतं. मला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. आणि मी तीन आठवडे प्रत्येक आवाज दोनवर जुळवला होता. काँग मेरिसमुळे म्हणा… खरं म्हणजे त्याचं बोलणं ऐकू यावं म्हणून.

दोन गाणी, सात मिनिटं. निवड चालू असताना मंचाजवळ कुणी जात नाही. मी जागेवर बसून मनातल्या मनात बटणं फिरवत होते. तीव्र इतकं खाली, खर्ज तितका खाली, मधला वर… तिसऱ्याच मिनिटाला मला नेमकं उत्तर सापडलं होतं.

बा डोनबोक भले माणूस. त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. “हात चांगला आहे रे, बाळा. पण कानाला टोचतं. स्वतःचा आवाज बसवता येणं हे निम्मं काम असतं. पुढच्या वर्षी ये.”

मैदानाबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. पुथारोची, तांदळाच्या भाकरीची, बशी मधे तशीच पडून होती.

“हात गार पडले होते माझे,” तो म्हणाला.

गप्प बसता आलं असतं. तो स्वतःलाच दोष देत होता आणि मला अजून प्रेमाने बघत होता. मी कप खाली ठेवला.

“हात नव्हते. आकडे होते. माझे.” आणि मी सगळं सांगितलं. कान, खर्ज, दोनचं बटण. प्रयोगाचा अहवाल द्यावा तसं, न थांबता.

त्याने बशीतला पुथारोचा तुकडा हातात घेतला.

“मला पहिल्याच कॉर्डला कळलं होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“की बोंबललंय. सरळ ऐकू येत होतं.”

“मग बटण का नाही फिरवलंस? शानबोर, पुढ्यात होतं बटण! दोन सेकंदांचं काम!”

“तू मोजलं होतंस ना.” त्याने खांदे उडवले. “म्हटलं, माझेच कान घाबरलेत.”

शेजारच्या बाकावर कुणीतरी मोठ्याने हसलं. मला वाटलं, त्याने चिडावं. कप आपटावा.

“दुसऱ्या निवडी येतील,” मी म्हणाले. “मामाशी बोलते. तोवर दुकानात बस. पोरांना गिटार दाखव, शिकव. मामा नाही म्हणणार नाही.”

“मामाच्या दुकानात बसू, भाचीच्या घरात राहू.”

“सगळे जावई राहतात. त्यात काय एवढं?”

“त्यात काही नाही. माझे वडीलही आईच्याच घरी राहिले, राजासारखे.” तो पुथारोचा तुकडा मोडत होता, खात नव्हता. “तू चुकलीस त्याचंही काही नाही, रिदा. मी दर ओळीला चुकतो. पण आज मला खरं ऐकू येत होतं आणि मी तुझ्या कागदाचं ऐकलं. आयुष्यात एकच गोष्ट मला बरी येते, ऐकणं, आणि तीच मी तुझ्यावर सोडली. तुझ्याकडे राहिलो तर जेवणात मीठ बरोबर आहे का, हेही तुला विचारीन.”

मी हसायचा प्रयत्न केला. तो विनोद नव्हता.

“आणि मी म्हटलं, विचारू नकोस?”

“तरी विचारीन,” तो म्हणाला. “तेच तर.”

महिनाअखेर गुवाहाटीला जाणाऱ्या सुमोच्या तळावर मी त्याला पोचवायला गेले. सकाळची वेळ, थंडी, ड्रायव्हर टपावर सामान बांधत होता. माझ्या आईने त्याच्यासाठी तांदळाचे गोड पुखलेन तळून दिले होते, अजून गरम होते. वाटेत मी मनाशी एक वाक्य जुळवत आले होते… मी येते, आईचं काहीतरी बघू. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली.

“बोलू नकोस. बोलशील, आणि मग ते कसं जमवायचं याचा कागद करत बसशील.”

मी पुखलेनची पुडी त्याच्या हातात दिली. या वेळी आमची बोटं एकमेकांना लागली नाहीत.

ड्रायव्हरने हाक मारली. तो आत बसला, खिडकीची काच खाली केली.

“एक सांग. त्या दिवशीचा आवाज सोड. माझं वाजवणं कसं झालं?”

दोन गाणी त्याने वाजवली होती, माझ्यापासून वीस पावलांवर, आमच्या दोघांसाठी. मी त्यातलं काहीच ऐकलं नव्हतं. मी माझी चूक ऐकत होते.

“सुंदर,” मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मी कशालाही नुसतं सुंदर म्हणत नाही, किती आणि का ते सांगते, हे त्याला माहीत होतं.

“बरं,” तो म्हणाला, आणि काच वर केली.