परतीची तार

देवळाली प्रवरेच्या मिशन शाळेत डेव्हिडमास्तर विज्ञान शिकवायचे. गावात कुणाचा रेडिओ मुका झाला, की तोही त्यांच्याच ओट्यावर येऊन पडायचा. हात चांगला होता, आणि तो चांगला आहे हे मास्तरांना जरा जास्तच ठाऊक होतं. त्यामुळे अमेरिकेला परत गेलेल्या मिशनच्या मडमेची दोन जुनी स्पीकरची खोकी चर्चला मिळाली, तेव्हा ती नव्या ॲम्प्लिफायरला जोडायचं काम दुसऱ्या कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता.

बाहत्तर साल होतं. पाऊस गेलेला, विहिरी तळाला लागलेल्या. कापणीच्या सणाला लोक काय घेऊन येणार, ही पाळकसाहेबांना काळजी. निदान संगीत तरी भरघोस व्हावं म्हणून मंडळीनं हा ॲम्प्लिफायर आणला होता. खोकी गुडघ्याच्या वर येतील एवढी उंच, सागवानी, पुढून तपकिरी कापड लावलेली. दोन्ही खोक्यांना मिळून तीनच तारा होत्या. आवाज न्यायच्या दोन तारा वेगळ्या, परतीची मात्र एकच, काळी. दोन भावांची विहीर सामाईक असावी तशी.

ॲम्प्लिफायरबरोबर आलेल्या कागदावर स्पष्ट छापलं होतं, की डाव्या आणि उजव्या बाजूच्या काळ्या तारा एकमेकींना लागता कामा नयेत. मास्तरांनी ते वाचलं आणि हसून कागद खिशात घातला. राहुरीपासून श्रीरामपूरपर्यंत तारेला हात लावणारा प्रत्येक माणूस काळीला अर्थ, म्हणजे जमिनीची तार, म्हणायचा आणि डोळे मिटून काळीला काळी जोडायचा. शेवटी अर्थ सगळ्यांचा एकच, असा विनोद मास्तर वर्गातही करायचे. त्यांनी ॲम्प्लिफायरच्या दोन्ही काळ्या एकत्र पिळल्या, तिसरी, खोक्यांची, त्यांत घातली आणि वरून टेप गुंडाळली.

त्या वेळी मालनबाई चर्च झाडत होती. विधवा बाई, चर्चच्या मागच्या खोलीत राहायची, आणि आत-बाहेर सगळं तिच्याकडेच असायचं. शहाबादी फरशीवरही ती खराटाच चालवायची, केरसुणीनं कोपरे निघत नाहीत म्हणायची. दोन लांब फटकारे, एक आखूड, मग दांडा जमिनीवर आपटायचा, ही तिची रीत. झाडत झाडत ती उजव्या खोक्यापाशी आली, मास्तर खाली बसलेले दिसले म्हणून थांबली, आणि त्यांना वळसा घालून पुढे गेली.

सणाच्या सकाळी, पहिलंच गीत सुरू झालं आणि ॲम्प्लिफायरमधून धूर निघाला. जळक्या वासानं पुढच्या बाकांवरची पोरं खोकायला लागली. संगीत गेलं, सणाची रया गेली. उपासना कशीबशी उरकल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, की मास्तर, हे झालं कसं?

मास्तरांचा हात खिशातल्या कागदावर होता. आणि तोंडातून आलं ते असं, की झाडताना मागच्या तारा ओढल्या गेल्या असतील.

असतील. एवढंच म्हणाले ते. पुढचं काम मंडळीच्या पंचांनी केलं. ‘असतील’चं ‘आहेत’ झालं, ‘ओढल्या गेल्या’चं ‘हिनं ओढल्या’ झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही. दुष्काळाच्या त्या दिवसांत मालनबाईचं काम गेलं आणि खोलीही गेली. काष्टीला तिची लेक चांगुणा होती, तिच्याकडे जायला ती निघाली. बोचकं घेऊन मास्तरांच्या दारावरून गेली, तेव्हा क्षणभर उभी राहिली.

“म्या हात न्हाई लावला, मास्तर,” ती म्हणाली. “तुमाला ठावं हाय.”

मास्तर खाली मान घालून चपलेचा अंगठा नीट करत राहिले. त्यांना शरम वाटली, पुष्कळ वाटली. पण शरम वाटणं वेगळं आणि पाळकांच्या घराची पायरी चढणं वेगळं.

नगरच्या दुकानानं ॲम्प्लिफायर बदलून दिला. या खेपेला मास्तरांनी कागदाबरहुकूम काम केलं. दोन्ही खोकी मागून उघडली, त्यांना जोडणारी सामाईक तार कापून काढली, प्रत्येकाला येण्याची एक आणि परतीची एक अशा स्वतंत्र दोन तारा दिल्या. कुठे काही एकमेकांना लागत नाही ना, हे मीटर लावून पाहिलं. काटा जागचा हलला नाही. दुपारची वेळ होती, चर्चमध्ये दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी मडमेची ऑर्गनची तबकडी लावली.

डाव्या खोक्यातून ऑर्गन सुरेख आला. उजव्यातूनही आला, पण त्याच्याखाली काहीतरी खरखरत होतं. तबकडी झिजली असेल म्हणून त्यांनी सुई उचलली. ऑर्गन थांबला, खरखर थांबली नाही.

दोन लांब, एक आखूड. मग टक्.

त्यांनी ॲम्प्लिफायर बंद केला. वरचा लाल दिवा विझला. उजव्या खोक्यात झाडणं चालूच होतं.

मास्तर विज्ञानाचे शिक्षक. कुठल्या तरी स्टेशनचा आवाज तारेत शिरला असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि दोन्ही तारा उपसून काढल्या. आता खोकं कशालाच जोडलेलं नव्हतं. कापडाला कान लावला तर आतून धुळीचा वास येत होता, नुकत्याच झाडलेल्या जमिनीचा. त्यांनी खोक्याकडे पाठ केली आणि घरी निघून गेले. बायकोला, हन्नाला, काही बोलले नाहीत.

रविवारी तारा पुन्हा जोडाव्या लागल्या. चर्च भरलं होतं. पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले, सगळ्यांनी डोळे मिटले, आणि त्या शांततेत फटकारे ऐकू आले. पाळकसाहेबांनी डोळे उघडले. बाहेर कोण झाडतंय ते पाहायला एकाला पाठवलं. तो परत आला, बाहेर कुणी नाही म्हणाला.

“मालनबाईच झाडतीय जणू,” हन्ना हळूच म्हणाली.

आवाज दाराकडून आत आला. बाकांमधून पुढे सरकत आला, असंच सगळ्यांना वाटलं असावं, कारण माणसं एकामागून एक पाय आवरून घेत होती.

उजव्या खोक्यापाशी येऊन तो थांबला.

थोडा वेळ काहीच नाही. मग वळसा घालून पुढे गेला.

असाच वळसा तिनं त्या दिवशीही घातला होता, तारांना हात लावला नव्हता. हे मंडळीत एकट्या मास्तरांना कळलं.

पाळकसाहेब त्यांच्याकडे बघत होते. हीच वेळ होती. मास्तर उठले आणि म्हणाले, “तार ढिली आहे. बघतो.”

त्या आठवड्यात त्यांना अन्न गोड लागलं नाही. बाजाराच्या दिवशी रजा टाकून ते एस.टी.नं काष्टीला गेले. वाटेत रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामाच्या खडीचे ढीग लागले. त्यांतले किती दगड मालनबाईनं फोडले असतील, हा विचार त्यांना सोडेना.

चांगुणाचं घर गावाच्या टोकाला होतं. बाजारामुळे खडीच्या कामाला सुट्टी होती, आणि मालनबाई अंगण झाडत होती. मास्तरांना बघून ती थांबली. “सलाम, मास्तर,” म्हणाली. हाताला चिंध्या बांधलेल्या होत्या.

मास्तरांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तारा मी पिळल्या, कागद वाचूनही पिळल्या, आळ तुमच्यावर घातला. आता चला परत, पाळकसाहेबांना मी सगळं सांगणार आहे.

“सांगनार हाय,” मालनबाई म्हणाली. “मंजी अजून सांगितलं न्हाई.”

मास्तरांना कुठे तोंड लपवू असं झालं. एवढ्या लांब ते आले होते, आणि पाळकांचं घर शाळेला लागून होतं.

“अगूदर सांगा. मग मी येते,” ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

घरात चांगुणा भाकरी थापत होती, ते ऐकू येत होतं. बाजारातला गलका येत होता, कुठेतरी शेळी ओरडत होती. मालनबाईनं खराटा ओढला. दोन लांब फटकारे, एक आखूड. धूळ उठली, कडक जमिनीवर खराट्याच्या रेघा उमटल्या. दांडा तिनं दारच्या दगडावर जोरात आपटला, तेव्हा त्याची ढलपी उडून मास्तरांच्या पायाशी पडली.

आवाज झाला नाही. खराट्याचा नाही, दांड्याचाही नाही.

खोक्याबद्दल मास्तरांनी तिला अवाक्षरानं सांगितलं नव्हतं. मालनबाईनं घराकडे एकदा पाहिलं, चांगुणाला ऐकू जाऊ नये म्हणून जवळ आली, आणि हलक्या आवाजात विचारलं,

“मास्तर, तिकडं तरी ऐकू येतं का वो?”