पहिल्या पानावरची आई

पौर्णिमा दर शनिवारी दुपारच्या बसनं अमरावतीहून अकोल्याला जायची. राजापेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती एकोणीस वर्षं रक्त तपासत होती आणि शनिवारी तिला अर्धी सुटी असे. पिशवीत दोन डबे असायचे, एकात तिळाची चटणी, दुसऱ्यात सांजोऱ्या. मुलगी आकांक्षा मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास करायला अकोल्याला राहिली होती, जठारपेठेत लीलाबाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, की पौर्णिमा पदरानं तोंड पुसून घ्यायची आणि मुलीला काय काय विचारायचं ते मनात लावून ठेवायची. किती टेस्ट झाल्या, किती मार्क पडले, झोप किती वाजता.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी लीलाबाईंनी तिला जिन्यातच थांबवलं.

"बाई, एक सांगू का? राग नका मानू. पोरगी दुपारी कोणाशी तरी बोलून राह्यते. हळू बोलते. हासते बी."

"फोनवर बोलत असंल, मावशी."

"फोन तर खाली माह्या खोलीत चार्जिंगले लावला असते."

"मग पोराचा आवाज येते का?"

"तेच तर," लीलाबाई म्हणाल्या. "दुसरा आवाजच येत नाही."

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. पौर्णिमानं सोमवारी लॅबमध्ये फोन करून आठ दिवसांची रजा टाकली. शाळेत मास्तर असलेल्या नवऱ्याला, गजेंद्रला, एवढंच सांगितलं की उन्हाळा फार आहे, पोरीला वेळेवर जेवायला घालते. मुलगा कोण असेल याचा तिनं आपल्या पद्धतीनं छडा लावायला घेतला. आकांक्षा क्लासला गेली की ती खोली तपासायची. फोन पाहिला, त्यात क्लासच्या नोट्स होत्या. वह्यांची शेवटची पानं पाहिली. कपाटातले कपडे एकेक झटकून पाहिले. तिसऱ्या दिवशी उशीच्या अभ्र्यात एक जाडजूड इंग्रजी कादंबरी सापडली. काळं मुखपृष्ठ, त्यावर चंदेरी काटेरी वेल.

पौर्णिमा पलंगावर बसली आणि तिनं पहिलं पान वाचलं. कुठल्याशा बर्फाळ राज्यातली सतरा वर्षांची एक मुलगी. तिची आई तापानं गेलेली. आईबद्दल तीनच ओळी होत्या. मग जंगल, मग एक दरवाजा. पौर्णिमानं पुस्तक होतं तसं ठेवून दिलं. तिला एवढं हलकं वाटलं की ती खाली जाऊन लीलाबाईंना म्हणाली, "काही नाही मावशी, पुस्तक मोठ्यानं वाचते ती."

पण संशय एकदा अंगात शिरला की लवकर निघत नाही. संध्याकाळी तिनं समोरच्या खोलीतल्या अलीझाला गाठलं. अलीझा चांदूर बाजारची, आकांक्षाच्याच क्लासला. गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती.

"ते काळं पुस्तक तुझं का?"

अलीझानं मान हलवली. "मीच दिलं होतं, आंटी. सगळ्या पोरी वाचतात असली पुस्तकं."

"त्यात आहे तरी काय एवढं?"

"त्यातली पोरगी आमच्याच वयाची असते. तिले कोणी काही समजत नसते. मग एक जण येतो. तो तीनशे वर्षांचा असतो, पण दिसतो आपला एकवीसचा." अलीझा जरा लाजली. "तो तिले मार्क नाही विचारत. तो विचारतो, तू थकली का."

पौर्णिमाला हसू यायला हवं होतं. आपण आकांक्षाला हे शेवटचं कधी विचारलं, ते तिला आठवेना.

"आणि तिची आई? पुढं काही येते का तिचं?"

"आई नसतेच, आंटी. या पुस्तकांमधी आई पहिल्याच पानावर मेलेली असते. असली तर पोरगी जंगलात जाईल कशी? ती घरूनच जाऊ देणार नाही ना."

अलीझानं दोरीवरचा शेवटचा दुपट्टा काढला. खाली जायला निघाली आणि थांबली.

"मी अर्ध्यावर सोडलं ते. तेव्हा घरी गेली होती ना, तर अब्बा अम्मीच्या जागेवर बसून भाजी निवडत होते. अम्मी समोरच उभी. म्हणे, द्या इकडे. अब्बांनी वर पाहिलंच नाही. मी आवाज दिला तेव्हा पाहिलं." तिनं दुपट्ट्याची घडी घातली. "ऊन लागलं असंल त्यायले. पण मग मी नाही वाचलं पुढं."

"आकांक्षाचं किती झालं?"

"तिचं संपत आलं."

गुरुवारी क्लासमध्ये पालकांना बोलावलं होतं. एसीच्या लहानशा खोलीत पौर्णिमा मुलीच्या शेजारी बसली. शिकवणारे अनुप सर तिशीतले, बोलायला गोड. त्यांनी आकांक्षाचे मार्क वाचून दाखवले आणि तिलाच विचारलं, "बाबा नाही आले का? घरून कोणीतरी यायला पाहिजे होतं."

"मी आहे ना, सर," पौर्णिमा म्हणाली.

अनुप सरांनी तिच्याकडे वळून पाहिलं. नजर नीट लागायला क्षणभर वेळ लागला. "हो हो, बसा ना," ते म्हणाले आणि सहीसाठी फॉर्म पुढं सरकवला.

फॉर्मवर आईच्या नावाआधी 'कै.' लिहिलेलं होतं. खाली गजेंद्रची सही होती. प्रवेशाच्या वेळी, जूनमध्ये, हाच फॉर्म पौर्णिमानं स्वतः भरला होता, याच टेबलावर, आपल्या निळ्या पेननं. त्या दिवशी गजेंद्र अकोल्यात आलाच नव्हता.

ती मुलीच्या पाठोपाठ खोलीवर आली. मग दार लावून तिनं विचारलं, "तू लोकांना सांगितलं का, आई नाही म्हणून?"

"मी असं काऊन सांगीन, आई?"

"फॉर्मवर कोणी लिहिलं मग?"

"कोणता फॉर्म?"

सुई पाहून कोण खरंच घाबरलंय आणि कोण सोंग करतंय, हे पौर्णिमाला माणसाच्या चेहऱ्यावरून कळायचं. आकांक्षा खोटं बोलत नव्हती. फक्त बोलताना ती आईच्या चेहऱ्याकडं पाहत नव्हती. तिच्या खांद्याच्या जरासं बाजूला, भिंतीकडं पाहत होती, आवाज नेमका कुठून येतोय ते ठरवत असल्यासारखी.

शुक्रवारी लीलाबाईंनी वर चहा पाठवला तो एकच कप. पौर्णिमा खाली गेली. लीलाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. शेजारणीला सांगत होत्या, "गुणाची आहे पोरगी. बिनामायची, पण कोणाले तरास नाही." पौर्णिमा तिथंच दारात उभी होती. लीलाबाईंनी वर पाहिलं, कपाळाला आठी पाडली आणि म्हणाल्या, "अवं बाई, तुमी कधी आल्या?"

दुपारी दोन वाजता रस्ता ओस पडला होता. कूलरच्या वाळ्याचा वास खोलीभर होता. आकांक्षा क्लासला गेली होती. पौर्णिमानं अभ्र्यातून पुस्तक काढलं आणि पहिलं पान उघडलं.

आईबद्दल आता तीन ओळी नव्हत्या. दीड पान होतं.

ती सावकाश वाचू लागली. ती आई दुसऱ्यांचं रक्त पाहून आजार ओळखायची. तिच्या हातांना स्पिरिटचा वास यायचा. दर आठवड्याला ती लांबून यायची आणि आल्याबरोबर प्रश्न विचारायची, कारण माया दुसऱ्या कुठल्या रीतीनं करायची ते तिला कोणी शिकवलंच नव्हतं. मुलीला हे फार उशिरा कळलं. ती गेल्यावर कळलं.

पौर्णिमा रडू लागली. आधी भीतीनं, आणि मग, तिचं तिलाच नवल वाटलं, भीतीनं नाही. आयुष्यात तिच्याबद्दल इतक्या मायेनं कोणी काही बोललं नव्हतं. तिनं ते दीड पान पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. पुढचं पान उलटायचं तिच्या मनातही आलं नाही.

आकांक्षा आली तेव्हा पुस्तक पौर्णिमाच्या मांडीवर होतं.

"हे मी घेऊन जाते," पौर्णिमा म्हणाली. "जाळते घरी."

तिला वाटलं पोरगी भांडेल. आकांक्षा शांतपणे पाय धुवून आली.

"घेऊन जा," ती भिंतीला म्हणाली. "माझं झालं वाचून."

"कसं संपते ते?"

"ती जाते त्याच्यासोबत. शेवटी मागं वळून पाहते. कोणी नसते." मग ती थोडं हसली. असं हसू पौर्णिमानं तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं, समजूतदार, दूरचं. "आता मी अभ्यास करीन, आई. काळजी नको करू."

तिनं 'आई' म्हटलं, एवढंच पौर्णिमानं पदरात बांधून घेतलं. साडेतीनच्या बसला ती खिडकीजवळ बसली. शेजारची जागा अमरावतीपर्यंत कोणी घेतली नाही.

घरी पोचली तेव्हा अंगणात अजून ऊन होतं. गजेंद्रनं दार उघडलं. तो शाळेतून येऊन कपडे बदलून बसला होता.

"आलीस का," तो म्हणाला. "बस. चहा टाकतो."

पौर्णिमानं पिशवी खाली ठेवली. ती खुर्चीत बसली आणि हसायला लागली. तो पाहतो आहे, तो बोलतो आहे, तो चहा टाकतो आहे. मुलीच्या डोक्यात एक पुस्तक शिरलं होतं, लीलाबाईंना वयानं विसर पडत होता, क्लासवाल्यांनी फॉर्म चुकवला होता. एकेक गोष्ट तिनं नीट लावली. गजेंद्रनं कप तिच्यासमोर ठेवला. चहात आलं होतं, तिला आवडायचं तसं.

"एक सांगायचं आहे तुम्हाला," ती म्हणाली. "हसाल."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आकांक्षा होती. त्यानं स्पीकर लावला.

"बाबा, जेवले का दुपारी?"

"जेवलो ना बेटा. तुझं सांग."

"बरं चाललंय. बाबा, तुमी घरी एकटेच बसत नका जाऊ. शेषराव काकांकडं जात जा संध्याकाळी."

"जातो ना," गजेंद्र म्हणाला. "आता एकटाच बसलो होतो. निघतोच."

पौर्णिमानं बोलायला तोंड उघडलं. गजेंद्र तिच्याकडंच पाहत होता, सरळ, डोळ्यांत डोळे घालून. त्यानं फोनवर तळहात दाबून धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"बोलू नको," तो अगदी हळू, मायेनं म्हणाला. "मागच्या वेळी तुझा आवाज ऐकून लई घाबरली होती ती."