आधीचा फोटो

हे घडलेलं आहे.

ज्याच्यासोबत घडलं तो अंकुश, माझा मावसभाऊ. साकोलीत राहतो. त्याचा नंबर मागू नका, तो बोलणार नाही. मलाही त्याने एकदाच सांगितलं, तेही खिडकीकडे पाठ करून.

रात्रीची गोष्ट नाही ही.

मंगळवार, २२ ऑगस्ट २०२३. दुपारचे सव्वातीन. हायवेलगतच्या नव्या इमारतीचा दुसरा मजला. पावसाने उघडीप दिलेली, बाहेर लख्ख ऊन.

अंकुश काचा धुतो. शोरूम, दवाखाने, ऑफिसं, बंगले. शिडी, बादली, रबरी वायपर, रंगाचे थेंब खरवडायला ब्लेड, आणि तो एकटा. काम त्याचं आणि तक्रारीही त्याच्याच. काच धुवायला तासभर लागतो, तक्रार धुवायला आठवडा जातो, असं तो हसत सांगायचा.

तेव्हा हसायचा.

तक्रार आली की त्याची ठरलेली पद्धत होती. तासाभरात जायचं. समोरच्याचं सगळं बोलणं होऊ द्यायचं. मग काचेजवळ तोंड नेऊन हळूच वाफ सोडायची. वाफेत प्रत्येक चरा उठून दिसतो. आणि मग खिशातून फोन काढायचा.

"हे पाहा जी. काम सुरू कराच्या आधीचा फोटो. चरा तवाच होता."

तक्रार तिथेच संपायची. फोटोशी कोण भांडणार?

त्या मंगळवारी तक्रार होती चंद्रकांता मॅडमची. त्या तिथे शिकवणी घेतात. आदल्या दिवशीच अंकुशने त्यांच्या खिडक्या धुतल्या होत्या. मॅडम रागावलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, तुम्ही काम छान केलं, पण तुमच्या बाईने मागून येऊन चरे पाडले.

"माह्याकडं बाई नाई, मॅडम."

"मंग ते कोन होती? हिरव्या लुगड्याची. पेपरचा बोळा करून पुसून राहिली होती. बाहेरून."

अंकुशने खिडकीबाहेर पाहिलं.

दुसरा मजला. सरळ भिंत. ना सज्जा, ना पाय ठेवायला कड...

 सवयीने तो काचेजवळ गेला आणि वाफ सोडली.

खाली, उजव्या कोपऱ्यात... तीन चरे. कमानीसारखे, एकाखाली एक.

ते चरे त्याच्या ओळखीचे होते.

त्याने हाताने वाफ पुसली.

पुसली गेली नाही.

पुन्हा पुसली. बोटं कोरडी. वाफ तशीच. उलट वाढत होती... थांबत होती... पुन्हा वाढत होती. कोणीतरी श्वास घेत असल्यासारखी.

वाफ बाहेरच्या बाजूने होती.

नंतरचा फोटो

आता तीन महिने मागे. मे महिना.

भय्याजींचं साड्यांचं शोरूम. नुकताच रंग दिलेला, समोरच्या मोठ्या काचेवर रंगाचे थेंब आणि सिमेंटची धूळ. अशी काच आधी भरपूर पाण्याने भिजवायची असते. त्या दिवशी टाकीत पाणी कमी होतं. अंकुशने बादलीभर पाण्यात निभावलं. खालचा उजवा कोपरा तर त्याने अर्धवट कोरडाच खरवडला.

ब्लेडखाली एक कण सापडला.

करर्र...

तीन वेळा हात फिरल्यावर त्याच्या लक्षात आलं. तीन चरे.

आधीचा फोटो त्या दिवशी घ्यायचा राहून गेला होता. म्हणून त्याने तो तेव्हा घेतला. काम झाल्यावर.

मागे आनंदाबाई उभी होती. शोरूम झाडायची, रोज सकाळी तीच काच जुन्या पेपरने पुसायची. पेपरचा ओला बोळा काचेवर फिरला की कुईं कुईं वाजायचं. तिला त्याचा अभिमान होता. हातातला बोळा तसाच धरून ती त्याच्या फोनकडे पाहत होती.

संध्याकाळी भय्याजींना चरे दिसले. अंकुशने वाफ सोडली, फोटो दाखवला. भय्याजींनी विचारलं, मग हे केलं कोणी? अंकुश म्हणाला, बाई एखाद वेळी भांड्याची घासणी लावत असेल.

आनंदाबाई पुढे आली. आवाज न चढवता तिने एवढंच विचारलं,

"भाऊ, हा फोटो आधीचाच हाय ना?"

अंकुश म्हणाला, "हो."

दुसऱ्या दिवसापासून ती कामावर नव्हती.

तक्रारी

मॅडमकडून अंकुश थेट भय्याजींच्या शोरूमला गेला. आनंदाबाई कुठे राहते ते विचारायला. गल्ल्यावरच्या माणसाने मान न वळवता सांगितलं, ती वारली. काम सुटल्यावर आसगावला माहेरी गेली होती, रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या मजुरीला. जुलैत शेताच्या बांधीत धान रोवताना साप चावला.

अंकुश दारातच उभा राहिला.

आणि त्याला काचेवरून आवाज आला...

कुईं. कुईं.

बाहेर कोणी नव्हतं.

पुढच्या तक्रारी मेसेजवर आल्या. अंकुशने मला ते दाखवलेत.

२५ ऑगस्ट, दवाखाना. तुमच्या बाईला सांगा, ओले पेपर पायरीवर टाकू नको.

३१ ऑगस्ट, बंगला. काम उत्तम. फक्त कोपऱ्यात तीन रेघा आहेत. बाईला विचारलं तर उत्तर देत नाही.

७ सप्टेंबर, हॉटेल. तुमची बाई अजून पुसतेच आहे. तुम्ही तर दोन वाजता गेले ना?

१२ सप्टेंबर, तोच बंगला. ती आत पाहत राहते. लेकरू घाबरतं. तिला

एवढंच. निरोप अर्धाच होता. अंकुशने पुढचं विचारलं नाही.

प्रत्येक ठिकाणी त्याने जाऊन सांगितलं की माझ्याकडे बाई नाही. प्रत्येक वेळी, हे शब्द तोंडातून निघाले की जवळच्या काचेवर आवाज सुरू व्हायचा.

पंधरा तारखेला त्याने गाडी काढली आणि आसगाव गाठलं.

आनंदाबाईची मुलगी प्रतिक्षा, वीसेक वर्षांची. तिने पाणी दिलं, खुर्ची दिली. अंकुशने नाव सांगितल्यावर तिचा हात थांबला.

"तुमीच का ते फोटोवाले?"

त्याला मान वर करता आली नाही. प्रतिक्षाने सांगितलं, आई शेवटपर्यंत एकच बोलायची. साऱ्यांनी मला काच खराब करणारी म्हटलं. इथे माहेरच्या बायकाही रोवणीत चिडवायच्या, आनंदे, धानाला घासणी लावू नको. आई हसायची नाही.

"आई म्हने, मी त्याच्या मागंच उभी होती. फोटोत असन मी. कोनी नीट पाहतच नाई."

अंकुशने तो फोटो कमीत कमी पन्नास वेळा पाहिला होता. त्यात काच होती, चरे होते, तो स्वतः होता. बस.

त्याने फोन उघडला.

काचेच्या प्रतिबिंबात तो उभा. हातात फोन. पायाशी ओली फरशी, बादली, बादलीत ब्लेड. काम झाल्याच्या सगळ्या खुणा.

आणि त्याच्या खांद्यामागे... हिरवं लुगडं. हातात पेपरचा बोळा.

ती काचेतून सरळ त्याच्याकडे पाहत होती.

प्रतिक्षाने फोन हातात घेतला. बराच वेळ पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "आईच हाय."

ती आधीपासून फोटोत होती, की नव्हती? अंकुश अजून सांगू शकत नाही. कोणतं जास्त वाईट, तेही सांगू शकत नाही.

त्याच दिवशी तो भय्याजींसमोर उभा राहिला. फोटो ठेवला, फरशी दाखवली, बादली दाखवली. चरे माझे आहेत म्हणाला.

भय्याजींनी चष्मा काढला.

"तवा काहून नाई बोलला बे?"

"तुमी मले परत बोलावलं नसतं."

"आन् तिले?"



भय्याजी स्वतः आसगावला गेले. चार घरच्या लोकांना बोलावून, त्यांच्यासमोर सांगितलं की बाईची चूक नव्हती. प्रतिक्षा रडली नाही म्हणे. फक्त म्हणाली, हे आईला सांगा.

त्यानंतर तक्रारी बंद झाल्या.

एकही नाही. कोपऱ्यातल्या रेघा नाहीत, पायरीवर पेपर नाहीत. दिवाळी गेली, हिवाळा गेला. अंकुश झोपू लागला. आधीचा फोटो आता तो खरोखर आधी घेतो. शिडी लावायच्याही आधी. गिऱ्हाइकाला शेजारी उभं करून.

मागच्या फेब्रुवारीत एका नव्या बंगल्याचं काम होतं. वर्षभर बंद असलेलं घर, काचांवर बोटभर धूळ. मालकाने सकाळी फोनवर तसं सांगितलंही होतं. अंकुश पोहोचला, बादली खाली ठेवली. पाण्याला अजून हात लावला नव्हता. फोन वर धरून आधीचा फोटो घेतला.

फोटोत काच स्वच्छ होती.

त्याने फोन खाली केला. समोरची काचही स्वच्छ होती. ओली. वरून खाली पाण्याचा एक थेंब ओघळत होता. ओट्यावर पेपरचा चुरगळलेला बोळा...

एकही चरा नाही. अंकुश म्हणतो, इतकी नितळ काच त्याने स्वतः कधी केली नाही.

मालक आतून बाहेर आला. काचेकडे पाहून खूश झाला. म्हणाला, वा, तुमच्या आधीच तुमची बाई येऊन गेली वाटतं. हात चांगला आहे तिचा. तुमचीच ना?

काचेवर, आतल्या बाजूने, थोडीशी वाफ धरली.

अंकुशला सांगायचं होतं. माझ्याकडे बाई नाही. ती कोण, तिचं नाव काय, तिचं मी काय केलं, सगळं सांगायचं होतं. तोंड उघडलंही त्याने.

मालक वाट पाहत होता.

अंकुश म्हणाला, "हो."

तेव्हापासून जिथे जातो तिथे काचा आधीच धुतलेल्या असतात. काम वाढलंय त्याचं. सगळे त्याच्या बाईचं कौतुक करतात.

आणि तो दरवेळी हो म्हणतो.