चहाच्या वेळी उजळणारा पडदा

काळा पडदा. त्यात माझाच चेहरा.

रविवारी डोंगरावरच्या वेधशाळेतल्या कॉम्प्युटरची सिस्टिम नवी केली, आणि सोमवारी खाली ला सेरेना शहरातल्या आमच्या ऑफिसातून त्या दुर्बिणीच्या मशीनचा पडदा दिसेना. वर फोन लावला. उचलला भलत्याच माणसानं.

"लिसान्द्रो. बदलीवर आलोय. बोला."

"मी माकारेना, खालून. तुमचं मशीन चालू आहे?"

"आहे की. समोरच बसलोय. तुम्हाला काय दिसतंय?"

"अंधार."

"आणि खिडकीतून?"

खिडकीतून... कामांचाका. समुद्रावरचं धुकं, थेट जिन्यापर्यंत आलेलं.

"म्हणजे दोन्हीकडून काहीच नाही," तो हसला. "इथं लख्ख ऊन. तुमचं अख्खं शहर माझ्या पायाखाली, कापसात."

मंगळवार. पासवर्ड बदलला. काळा.

बुधवार. जोडणी पुसून नव्यानं केली. काळा. मधेच कधीतरी 'तुम्ही' गळून पडलं... आधी कुणाच्या तोंडून, आठवत नाही.

(पडदा लागला की फोन संपणार. हे मला ठाऊक होतं. म्हणून बोटं जरा सावकाश चालत होती.)

आणि रोज, ओन्सेच्या वेळी — चहा, पाव, वर अवाकाडो — पडदा आपोआप उजळायचा. थोडाच वेळ. मग पुन्हा काळा.

गुरुवारी उलगडलं. डोंगरावर नियम आहे, टेबलावरून उठताना लॉग आउट करायचं. आणि चहाला तिथं सगळे उठतात.

सगळे म्हणजे... तो.

"लिसान्द्रो, तू बसलेला असतोस म्हणून मला दिसत नाही. एकाच नावानं दोघं आत गेलेलं नव्या सिस्टिमला चालत नाही."

तिकडे खुर्ची करकरली.

"ऐकतोयस ना?"

"मला मंगळवारीच कळलं होतं."

"काय!"

"ओरडू नकोस, इथं डोंगर ऐकतात."

"लबाडा! आणि मी वेड्यासारखी पासवर्ड बदलत बसले!"

"सांगितलं असतं... तर बुधवारी फोन केला असतास?"

केला असता. निमित्त शोधावं लागलं असतं, एवढंच. पण हे मी बोलले नाही.

"ऊठ आता," मी म्हणाले. आवाज उगाच हळू आला.

"उठलो की —"

"माहीत आहे. ऊठ."

खुर्ची सरकली. पडदा उजळला. आकडे, तक्ते, आणि कोपऱ्यात हवामानाच्या कॅमेऱ्याची चिमुकली चौकट: ढगांचं पांढरं मैदान, एक दगडी कठडा. तिथं एक लोकरी टोपी आली. माझ्या मनातल्यापेक्षा बराच उंच होता तो. फोन खांद्यात धरलेला, हातात दोन कप. एक त्यानं कठड्यावर ठेवला — स्वतःपासून हातभर अंतरावर.

"दिसतोय?"

"टोपी उलटी घातलीयस."

"शनिवारी पावाची गाडी वर येते. ड्रायव्हरशेजारी एक जागा असते..."

"तोवर तो चहा गार होईल."

"नवा करीन."

खिडकीत धुकं तसंच होतं. मला आता त्याचं काही वाटेना.

"येते," मी म्हणाले.

तो हसला, कप उचलले, आत जायला वळला.

"अं हं... थांब ना. बसू नकोस इतक्यात."