संतापरेणू

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या वनस्पती केंद्रात दोन काचघरं समोरासमोर होती, आणि त्यांच्या दोन मालकांतून विस्तव जात नव्हता.

डॉ. शालिनी धुरींना कड्यावर कॉफीच्या कुळातलं एक नवं झुडूप सापडलं होतं. पिवळसर फुलं, आणि फुलातून बाहेर डोकावणारा लांब स्त्रीकेसर. या जातीला त्या आपल्या गेलेल्या आईचं, भागीरथीचं, नाव देणार होत्या. उभ्या आयुष्यात एवढी एकच हौस! तेवढ्यात पलीकडच्या दरीत डॉ. दत्ताराम परुळेकरांना पांढऱ्या फुलांचं, आखूड केसराचं झुडूप मिळालं. गृहस्थाने वर्णन आधी छापलं आणि संचालकांच्या नावाने बारसंही उरकलं. वर म्हणे, धुरीबाईंचं झुडूप ही माझ्याच जातीची दुसरी तऱ्हा!

"कॉफीच्या कुळात हे चालतंच, बाई," परुळेकर खवचटपणे म्हणाले. "एकाचा केसर लांब, दुसऱ्याचा आखूड. एकाचा पराग दुसऱ्यावर पडला तरच फळ धरतं. जनुकवाचक यंत्राने तर हात वर केलेत. तेव्हा द्या चिमूटभर पराग. फळ धरलं तर जात एक, आणि नाव आधी छापलेलं."

"पराग? माझ्या काचघरातली धूळसुद्धा मिळणार नाही!"

गंधरसायनाचं काम बघणाऱ्या नसीमा मुजावरने मग धुरीबाईंना बाजूला घेतलं.

"मॅडम, या फुलांच्या वासात एक रेणू आहे. डंख मारताना मधमाशी सोडते ना, तसला. संतापरेणू म्हणू या. लांब केसराच्या फुलावर बसलेली माशी पिसाळते आणि आखूड केसराच्या फुलावर तुटून पडते. तिकडची इकडे. मारामारीत पराग पोचतो."

"मग? आपल्या काचघरात माश्या कुठे आहेत?"

"नाकं तर आहेत. हे झुडूप येण्याआधी तुम्ही दोघं एका डब्यात जेवायचात."

"म्हणजे मला अक्कल नाही, फुलाला आहे? नसीमा, तू त्या माणसाची वकिली करू नकोस!"

त्याच आठवड्यात परुळेकरांनी दुसरा लेख छापला. त्यात धुरीबाईंच्या झुडपाचं चित्र, खाली संचालकांचं नाव. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फुलांची मोजमापं अर्धवट टाकून, हातही न धुता त्या तशाच समोरच्या काचघरात घुसल्या. परुळेकर नव्हते, झुडूप होतं. त्या पांढऱ्या फुलांचा वास त्यांना सहनच होईना. दोन्ही हातांनी त्यांनी फुलं ओरबाडली, फांद्या मोडेपर्यंत गदागदा हलवल्या, आणि मोकळं वाटून परत आल्या.

काही आठवड्यांनी परुळेकरांनी सगळ्यांना बोलावलं. झुडपाच्या एकाच बाजूला, मोडक्या फांद्यांवर, हिरवी फळं लगडली होती.

"मी हात लावलेला नाही," परुळेकर म्हणाले. "पराग आला कुठून?"

नसीमाने एक फळ चिरलं. बी टपोरं भरलेलं होतं. तिने मोडक्या फांद्यांकडे पाहिलं, मग धुरीबाईंच्या हातांकडे.

जात एकच होती. भागीरथीचं नाव आता कुठल्याच झुडपाला लागणार नव्हतं, आणि ते पुसलं होतं लेकीनेच. धुरीबाईंना रडू यायला हवं होतं. आला तो संतापच. आणि तो आपला की फुलाचा, हे स्वतःला विचारायचीही त्यांना भीती वाटली.