अंदाजबाई

धुक्यामुळे विमान अडकलं होतं आणि तिची फुलांची खोकी मालाच्या शेडबाहेर उघड्यावर पडली होती. ती तरातरा तिथं पोहोचली, तर एक उंच तरुण अंगातला रेनकोट काढून खोक्यांवर पसरत होता.

"तुम्ही कोण?"

"विमान कंपनीचा. रोज फोनवर तुमची बोलणी खातो... तोच."

तिला हसू फुटलं.

माल पाठवणाऱ्या कंपनीत तिचं काम एकच – पुढं किती माल येईल याचा अंदाज बांधायचा आणि त्याच्याकडून विमानात आधीच जागा धरून ठेवायची. माल आलाच नाही तर जागा वाया, जास्त आला तर तो असा कुजत पडायचा. खापर दोन्ही वेळा तिच्याच डोक्यावर.

त्यानं तिचं नाव ठेवलं अंदाजबाई. फोन लांबत गेले.

"अंदाजबाई, पुढच्या आठवड्यात किती जागा धरू?"

"व्यापाऱ्यांनाच माहीत नाही, मला कुठून कळणार?"

"आणि रविवारी चहाला याल, त्याचा अंदाज?"

"तो... जरा पक्का आहे."

असे कितीतरी रविवार गेले. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही.

मग मागणीच आटली. विमानं अर्धी रिकामी जाऊ लागली, कंपनीनं ती फेरी बंद केली आणि त्याची बदली लांबच्या शहरात झाली.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. चहा समोर निवत होता.

"बाबांना आता दिसत नाही रे. हे घर त्यांच्या हातांना पाठ आहे. नव्या जागी ते..."

"मग मी नोकरी सोडतो."

"आणि तुझ्या बहिणीचं शिक्षण? ते तुझ्याच पगारावर चाललंय ना?"

तिनं पहिल्यांदाच त्याचा हात हातात घेतला.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर. खात्री होईपर्यंत थांबले... फारच थांबले."

"माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "ऐकायचं राहिलं होतं."

तो गेला. ती घरी आली तेव्हा बाबा दारातच उभे होते. चाचपडत त्यांची बोटं तिच्या ओल्या गालाशी येऊन थांबली.

"ज्याच्याशी फोनवर हसायचीस, तो गेला?"

"गेला."

"माझ्यामुळे?"

"नाही, बाबा. बदली झाली त्याची."

"खोटं बोलताना तुझा आवाज अगदी तुझ्या आईसारखा होतो," असं म्हणत त्यांनी तिला जवळ घेतलं.