चौथी बॅच

पहिली भेट म्हणाल, तर ती सरळसरळ टक्करच होती. मोहोळ रस्त्यावरच्या औषध कारखान्यात भुवनेश्वरी लॅबमधून घाईनं बाहेर पडत होती, आणि प्लांटचा नवा इंजिनिअर गुरुशांत हातात बाटली धरून आत शिरत होता. बाटली वाचली. तिचा चष्मा मात्र पडला — तो त्यानं उचलला, फुंकर मारून पुसला, आणि देताना त्याची बोटं उगाच क्षणभर रेंगाळली... निदान तिला तरी तसं वाटलं.

बाटलीत तपकिरी, चिकट काहीतरी होतं. हे काय, म्हणून तिनं विचारलं.

"तुमचंच औषध, मॅडम. तिसऱ्या बॅचचं."

लहान मुलांच्या फिटवरचं हे औषध आठाऐवजी पाच पायऱ्यांत बनवायची कृती तिनं दोन वर्षं खपून बसवली होती. लॅबमधल्या फ्लास्कात शेवटी पांढरेशुभ्र स्फटिक पडायचे. प्लांटमधल्या रिअ‍ॅक्टरच्या मोठ्या टाकीत मात्र तिन्ही वेळा अशी काकवी. कारखान्याचे प्रमुख असलेल्या अण्णाराव सरांनी त्याच सकाळी बजावलं होतं, चौथी बॅच बिघडली की काम हैदराबादच्या लॅबकडे जाणार, आणि कामामागून तिची बदलीही.

तुम्ही कसं करता ते एकदा बघू द्या, असं गुरुशांत म्हणाला. म्हणाला एकदा, आणि स्टूल टाकून बसला तीन दिवस. शेजारच्या टेबलावरच्या मुलींना खोकला झाला. तिनं मान वर केली की त्याचं डोकं वहीत. त्यानं वर बघितलं की हिची नजर फ्लास्कात. तोंडपाठ असलेली कृती त्या तीन दिवसांत ती दोनदा चुकली.

तिसऱ्या दुपारी तो एकदम म्हणाला, "मॅडम, थंड करताना तुमी ही काचकांडी फ्लास्कला आतनं घासता. रोज. कृतीत कुटंच लिहिलेलं न्हाय की हे."

ती हातातल्या कांडीकडे बघतच राहिली. कॉलेजात लागलेली सवय ती! त्या ओरखड्यांवर पहिले स्फटिक धरायचे आणि बाकीचे त्यांच्या मागून यायचे. प्लांटची माणसं बिचारी रिअ‍ॅक्टर इतका लखलखीत धुवायची, की धरायला आत काही उरतच नसे. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

रिअ‍ॅक्टर घासता येत नाही, पण दुधाला विरजण लावतात तसे मूठभर तयार स्फटिक टाकता येतील, असं तिनं ठरवलं. मग हळूच विचारलं, "तीन दिवस नुसतं हाताकडंच बघत होता?"

"तोंडाकडं बघितलं असतं, तर काम राहिलं असतं की," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

शनिवारी सकाळी चौथी बॅच लागली. योग्य तापमानाला तिनं स्वतः स्फटिक आत सोडले, आणि दोघं वरच्या मचाणावर रिअ‍ॅक्टरच्या खिडकीच्या काचेला डोळे लावून उभे राहिले. दहा मिनिटं — काही नाही. पंधरा... तिनं नकळत त्याची बाही घट्ट धरली. मग आत जरासं धूसर झालं, दाटलं, आणि बघता बघता सगळा रिअ‍ॅक्टर पांढराशुभ्र झाला. तिला रडू आलं आणि हसूही आवरेना. जिंकली होती ती.

"एक बोलायचं होतं," गुरुशांत म्हणाला. "बॅच जमली की बोलायचं ठरवलेलं."

"आणि बिघडली असती तर?"

"तर... हैदराबादला येऊन बोललो असतो."

तिनं बाही सोडली नाही. "उद्या रविवार. घरी चहाला या. अप्पांना सांगून ठेवते."

"काय सांगणार?"

"मी ठरवलंय म्हणून."

खाली अण्णाराव सरांनी टाळ्या वाजवल्या, मागोमाग अख्ख्या प्लांटनं. त्या बॅचसाठी होत्या. पण भुवनेश्वरीनं त्या बिनदिक्कत दोघांच्या नावावर करून घेतल्या.